मासा आजारी पडला की आधी पाणी पाहावे

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. आमच्या बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतही ओसरीवर, दिवाणखान्यात गप्पी, मॉली, गोल्डफिश, फायटर दिसतात. आमच्या ओळखीच्या काही घरांनी तर परसात सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी-मॉलीची पैदास करून चार पैसे मिळविण्यास आरंभ केला आहे. या साऱ्या घरांतून आमच्याकडे येणारा प्रश्न जवळजवळ एकच असतो : "फादर, मासे मरताहेत, कोणते औषध घालू?" यावर आमचा उलट प्रश्नही ठरलेला आहे : "पाणी शेवटचे कधी बदलले, आणि किती?"

हे ऐकून काहींना वाटते की आम्ही विषय टाळतो आहोत. तसे नाही. गाय आजारी पडली तर तिला गोठ्याबाहेर काढून बांधता येते, वारा बदलतो, शेण उचलून टाकता येते. मासा मात्र ज्या पन्नास लिटर पाण्यात श्वास घेतो त्यातच खातो आणि त्यातच विष्ठा टाकतो. ते पाणी बिघडले तर त्याला पळायला दुसरी जागा नाही. म्हणून घरगुती पेटीतील निम्म्याहून अधिक 'रोग' हे मुळात पाण्याचेच दुखणे असते, असे आमचे मत आहे. त्यावर औषध घातले की आधीच त्रासलेल्या जिवाला आणखी एक विष पचवावे लागते.

निदानाची पहिली पायरी माशाकडे पाहण्याची नाही, मृत्यूंचा हिशेब मांडण्याची आहे. एका रात्रीत किंवा एका दुपारी सगळेच मासे, लहान-मोठे, सर्व जातींचे, एकदम तडफडू लागले तर तो संसर्ग नव्हे. पाण्यात काहीतरी मिसळले आहे किंवा पाण्यातला प्राणवायू संपला आहे. संसर्ग असा एकाच वेळी सर्वांवर तुटून पडत नाही. आज एक, परवा दोन, आठवड्याने आणखी तीन, त्यातही आधी दुबळे किंवा नवीन आणलेले, अशी त्याची चाल असते. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादाच म्हातारा मासा जात असेल तर ते बहुधा वयाचे मरण होय. गप्पीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच. त्याच्यासाठी पेटीभर औषध ओतण्याचे कारण नाही.

एकदम झालेल्या मृत्यूंत सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे डासांचे औषध. वडीत, भिंतीच्या बोर्डात लावायच्या द्रवात आणि फवाऱ्याच्या डब्यात जी पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके असतात ती माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशांना अत्यंत विषारी असतात. पेटीला लावलेला हवेचा पंप खोलीतील हवाच ओढून पाण्यात सोडतो. म्हणजे रात्री दार लावून फवारा मारला आणि पंप चालू ठेवला, तर आपणच ते विष नळीने पाण्यात नेऊन घातले! जेथे पेटी आहे त्या खोलीत मच्छरदाणी वापरावी. शेतकरी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोबी, मिरची, वांगी यांवर फवारायच्या पुष्कळ औषधांत हाच वर्ग असतो. फवारणी करून आल्यावर नुसते हात धुऊन पेटीत हात घालू नये आणि फवारणीच्या कामाची बादली पेटीसाठी कधीही वापरू नये.

दुसरे कारण क्लोरीन. नळाचे पाणी माणसांसाठी शुद्ध केलेले असते. तेच क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळते. पावसाळ्यात नदी-जलाशयाचे पाणी गढूळ झाले की शुद्धीकरणात त्याचे प्रमाण वाढविले जाते, त्यामुळे "इतके दिवस याच नळाचे पाणी घालतो" हा युक्तिवाद जुलैत चालत नाही. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी एक दिवस उघडे ठेवावे, किंवा मासेविक्रेत्याकडे क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात ते वापरावे.

आता अमोनियाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नव्या पेट्यांतील बहुतेक दुर्दैव येथूनच सुरू होते. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच तळाशी कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पेटी जुनी असेल तर खडीवर आणि स्पंजावर वाढलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते. पण ही जीवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र वाढदिवसाला पेटी आणतो, त्याच संध्याकाळी तीत पंधरा मासे सोडतो, आणि मुले प्रेमाने दिवसातून पाच वेळा खाणे टाकतात. आठ-दहा दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, त्यांचे कल्ले लालभडक दिसतात, पर अंगाशी मिटलेले असतात. दुकानात जाऊन सांगितले की निळे औषध हाती पडते. त्या निळ्या औषधातील मेथिलीन ब्ल्यू तर याच उपयोगी जीवाणूंना मारते, म्हणजे आगीत तेल.

अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते. २५ अंश तापमानात, पाण्याचा सामू (पीएच) ७ असेल तर एकूण अमोनियाचा शेकडा एक हिस्साही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की तो सुमारे पाच टक्क्यांवर जातो. म्हणून जड, खारवट बोअरच्या पाण्यात जी चूक मासे मारते तीच चूक विहिरीच्या मऊ पाण्यात खपून जाते. शेजाऱ्याचे मासे त्याच पद्धतीने जगतात आणि आपले का मरतात, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

थेंबांनी अमोनिया तपासण्याचा लहान संच विकत मिळतो. पैदास करणाऱ्याने तो घ्यावाच. एका टाकीतील पिल्ले वाचली तरी त्याची किंमत वसूल होते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असावयास हवेत. संच नसेल तरी उपाय अडत नाही. खाणे दोन-तीन दिवस पूर्ण बंद करावे (निरोगी मोठ्या माशाला त्याने काही होत नाही), रोज एक तृतीयांश पाणी काढून तेवढेच, तशाच तापमानाचे, क्लोरीन गेलेले पाणी घालावे आणि हवेचा पंप जोरात चालू ठेवावा. मासे दोन-तीन दिवसांत सुधारले तर तेच निदान समजावे. नायट्राइट वाढले असेल तर माशाचे रक्त प्राणवायू धरू शकत नाही, कल्ले तपकिरी पडतात. अशा वेळी लिटरला एक ग्रॅम साधे मीठ घातल्यास मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही.

येथे आमच्या गृहिणींना एक विनंती. दर महिन्याला सारी पेटी रिकामी करून, खडी उकळून, काच साबणाने घासून लख्ख करणे ही स्वच्छता नव्हे. त्यात जीवाणूंची बसलेली वस्ती जाते आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी नळीने तळातून काढावे. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली धुऊ नये. ते काढलेले पाणी परसातल्या अळूला, गुलाबाला उत्तम खत आहे. मात्र त्यात मीठ किंवा औषध असेल तर झाडांना घालू नये.

पाणी निर्दोष आहे अशी खात्री झाली की मग माशाकडे पाहावे. सकाळी खाणे टाकण्यापूर्वी पाच मिनिटे पेटीसमोर शांत बसून पाहावे. काचेवर टकटक करू नये. कोण वर येऊन हवा गिळतो? पहाटेच सगळे वर येत असतील तर रात्री झाडांनी प्राणवायू संपविला असेल, किंवा वीज जाऊन पंप बंद पडला असेल. (फायटर आणि गौरामी हे मासे मुळातच वरची हवा घेतात, त्यांना पाहून घाबरू नये.) कोण खडीवर, दगडावर अंग घासतो? ते त्वचेवर किंवा कल्ल्यांत परजीवी असल्याचे चिन्ह. कोणाचे पर मिटलेले आहेत, कोण खाणे तोंडात घेऊन थुंकतो, कोणाची विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते, कोण कोपऱ्यात एकटा आहे, हे लिहून ठेवावे. पोट फुगले म्हणून घाबरण्यापूर्वी मादी पिल्लांना आली आहे काय तेही पाहावे; गप्पीची मादी महिन्याच्या महिन्याला तशी दिसते.

सर्वांत अधिक आढळणारा खरा रोग म्हणजे पांढरे ठिपके. परांवर आणि अंगावर मीठ किंवा रवा भुरभुरल्यासारखे स्वच्छ, वेगवेगळे मोजता येणारे दाणे दिसतात. हा एका सूक्ष्म परजीवीचा उपद्रव. १८७६ साली फुके या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि त्याचे लांबलचक नाव इक्थिओफ्थिरियस असे ठेवले. मासेवाले त्याला नुसते 'इच' म्हणतात. त्याचे जीवनचक्र समजले तर उपचार आपोआप समजतो. जो ठिपका आपल्याला दिसतो तो परजीवी माशाच्या कातडीखाली बसलेला असतो. तेथे त्याला कोणतेही औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागून त्याची शेकडो पिल्ले होतात. कवच फोडून ती बाहेर पोहत येतात आणि एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषधाला ती सापडतात ती याच उघड्या अवस्थेत.

आता दोन गोष्टी उलगडतात. पहिली, औषध घातल्यावर दोन दिवसांनी ठिपके गेले म्हणून औषध बंद केले, तर तळातली पिल्ले फुटून आठवड्याने दसपट ठिपके येतात. लोक म्हणतात औषध खोटे निघाले. औषध खोटे नसते, घाई खोटी असते. दुसरी, हे चक्र तापमानावर चालते. पंचविशीच्या पुढे ते आठवड्याच्या आत पुरे होते. थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळते. बेळगावात जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, ग्वाल्हेरकडे त्याहूनही खाली. त्या दिवसांत उष्ण प्रदेशातील मासे गारठून दुबळे होतात आणि इच लांबते. थंडी सुरू झाली की ठिपक्यांची तक्रार वाढते त्याचे हेच कारण.

उपचार असा करावा. साऱ्या पेटीचाच करावा, ठिपके असलेला एकच मासा बाहेर काढून नव्हे, कारण पिल्ले पाण्यात आहेत. हीटर असल्यास तापमान दिवसाला दोन अंश याप्रमाणे २९-३० अंशांपर्यंत न्यावे. तेथे परजीवीची वाढ खुंटते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवा वाढवावी. सोबत लिटरला २ ग्रॅम खडे मीठ. पाण्याचे माप अंदाजाने घेऊ नये : दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते, खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ धरावे. म्हणजे ९० ग्रॅम मीठ. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून तीन हप्त्यांत, एका दिवसात घालावे. बाष्पाने पाणी कमी झाले तर साधे पाणी घालावे, कारण मीठ उडून जात नाही. पाणी बदलले तरच, जितके काढले तितक्याचे मीठ पुन्हा घालावे. मॉली, गप्पी, गोल्डफिश हे सहज सोसतात. तळाशी राहणारे मिशीवाले मासे व लोच यांना मीठ मानवत नाही आणि नाजूक पाणवनस्पतीही कोमेजतात. तेथे निम्म्या प्रमाणाने सुरुवात करून मासे पाहत राहावे. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा.

याने भागले नाही तर मॅलाकाइट ग्रीनचे औषध आहे. ते बाटलीवरच्या मापानेच घालावे, फिल्टरमधील कोळसा आधी काढून ठेवावा (तो औषध शोषून घेतो), आणि हातमोजे घालावेत, कारण ते माणसालाही अपायकारक आहे. खाण्याच्या माशांच्या तळ्यात हे औषध वापरण्यास बंदी आहे. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांनी पेटीची बाटली तेथे नेऊ नये.

ठिपके मिठासारखे नसून सोनेरी-तपकिरी पावडर फासल्यासारखे बारीक असतील आणि अंधारात बॅटरीचा झोत तिरपा टाकल्यावर चमकत असतील, तर तो दुसरा परजीवी, ज्याला मखमली रोग म्हणतात. तो कल्ल्यांतही जातो आणि अधिक वेगाने मारतो. त्याला तांब्याचे औषध लागते, पण तांब्याने गोगलगायी व झिंगे मरतात, म्हणून ते आधी काढावेत. बाकी अंगावर काडीसारखा लोंबणारा 'नांगर किडा' गोल्डफिशवर दिसतो. तो चिमट्याने मुळाशी धरून काढता येतो.

खरा पेच पडतो तो कापसासारख्या पांढऱ्या डागांपाशी. दोन अगदी वेगळे रोग तसे दिसतात. एक बुरशी. ती लांब तंतूंची, मऊ फुललेली असते आणि आधीच्या जखमेवर, खरचटलेल्या खवल्यावर, मेलेल्या अंड्यांवर वाढते, सावकाश पसरते. मिठाने व स्वच्छ पाण्याने पुष्कळदा बरी होते. दुसरा कॉलम्नॅरिस नावाचा जीवाणू. त्याचा थर आखूड, करडा-पिवळट, ओठांभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा बसतो आणि दिवसा-दोन दिवसांत मासा नेतो. उष्णतेने तो भडकतो. म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांना जे तापमान औषध, तेच येथे घात करते. घाईने "पांढरे दिसले, हीटर वाढवा" म्हणणाऱ्याची अख्खी पेटी यात गेलेली आम्ही पाहिली आहे. खात्री नसेल तर तापमान होते तेथेच ठेवावे, आजारी मासा वेगळ्या टबात काढावा आणि पाणी बदलावे.

कॉलम्नॅरिसला प्रतिजैविक लागते. येथे आमचा आग्रह आहे : घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून पेटीत टाकू नये. माप चुकते, उपयोगी जीवाणू मरतात, आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होऊन तेच पाणी गटारात जाते. पैदास करणाऱ्याने मेलेला नव्हे, मरणोन्मुख मासा त्याच पाण्यात घालून पशुवैद्यकाकडे किंवा मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याकडे न्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याचा तुकडा पाहिला की पाच मिनिटांत निर्णय होतो. मेल्यावर काही तासांत परजीवी निघून जातात आणि सडणारे जंतू चढतात, त्यावरून काहीच कळत नाही.

शेपटी झिजणे हे बहुधा घाण पाण्याचे किंवा एकमेकांना चावण्याचे फळ. पाणी सुधारले व भांडखोर वेगळा केला की पर पुन्हा येतात. खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहून अंग फुगले तर मूत्रपिंडे निकामी झालेली असतात आणि बहुतेक मासे वाचत नाहीत, हे स्पष्ट सांगणे बरे. गोल्डफिश उलटा तरंगत असेल तर तीन दिवस उपास आणि मग सोललेला, उकडलेला वाटाणा देऊन पाहावा.

एक आजार आपल्यालाही होऊ शकतो. मासे महिनोन्महिने खंगत जातात, पाठ वाकते, रंग उडतो, अंगावर न भरणारे व्रण पडतात. हा माशांचा क्षय. त्याचा जंतू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांत प्रथम सापडला. तो माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाचा जंतू नव्हे, पण हातावरच्या ओरखड्यातून शिरतो आणि बोटावर, मनगटावर लालसर गाठ उठते, ती आठवडेच्या आठवडे बरी होत नाही. साध्या मलमांनी ती जात नाही. योग्य प्रतिजैविके काही महिने घ्यावी लागतात. अशी गाठ असेल तर डॉक्टरांना आपण मासे पाळतो हे आपणहून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही. हाताला जखम असताना पेटीत हात घालू नये, मधुमेही व अशक्त माणसांनी हातमोजे घालावेत, आणि नळीने पाणी ओढताना तोंड लावण्याची सवय सर्वांनीच सोडावी.

नवीन मासे आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावेत. टब, जाळी, नळी वेगळी. आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे रंगीत मासे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या पैदास केंद्रांतून पिशवीत लांबचा प्रवास करून येतात आणि दमलेल्या माशावर रोग लवकर चढतो. दुकानातल्या टाकीत एकही मेलेला मासा तरंगत असेल तर त्या टाकीतला मासा घेऊ नये, कितीही स्वस्त दिला तरी.

मेलेला मासा ओढ्यात, विहिरीत टाकू नये, आजारी जिवंत मासा तर मुळीच सोडू नये. परसात फूटभर खोल पुरावा. इचने पेटी रिकामी झाली असेल तर २५ अंशांच्या पुढच्या पाण्यात दोन आठवडे एकही मासा न ठेवता पंप चालू ठेवला की परजीवी उपाशी मरतो आणि उपयोगी जीवाणू टिकतात. त्यांना जगविण्यासाठी दोन-तीन दिवसांआड चिमूटभर खाणे पाण्यात टाकत राहावे. क्षयाचा संशय असेल तर मात्र खडी फेकून द्यावी, पेटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी, चार दिवस कडक उन्हात वाळवावी आणि जाळी नवीन घ्यावी.